मार आमच्या पोराला, माफी देवाला

हा लेख लिहावा की नाही, यावर मी बरेच महिने घोळ घातला. ख्रिस्ती धर्माची चिकित्सा केली की टाळ्या वाजवायला भलतेच लोक उभे राहतात. प्रार्थनासभेत घुसून पाळकांना मारणारे, धर्मांतराच्या नावानं बोंबा ठोकणारे, १४ ऑक्टोबर आला की ज्यांच्या पोटात दुखतं तेच सगळे. त्यांना सांगते, हा लेख तुमच्यासाठी नाही. तुमचा हिशेब यात पुढे येणारच आहे. माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीशी वर्षभर चाललेल्या भांडणातून हा लेख निघाला. तिनं वाचला, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आणि एका ठिकाणी चक्क गप्प केलं. मग म्हणाली, टाक.

गोष्ट २०२५ च्या जयंतीची. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. नाव देत नाही, केस चालू आहे. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक देवळासमोरून जाताना आवाजावरून बाचाबाची झाली. मोठ्यांनी ती मिटवली. मिरवणूक संपल्यावर घरी निघालेल्या आमच्या एकोणीस वर्षांच्या पोराला पाच जणांनी पानठेल्यामागे नेलं आणि मारलं. जात काढून शिव्या दिल्या, डावा हात मोडला. गुन्हा नोंदवायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांचं वर्णन करत नाही, इथल्या वाचकांना ते पाठ आहे.

माझी मैत्रीण नर्स आहे. ते पोरगं भरती होतं त्या वॉर्डात रात्रपाळीला तीच होती. तिचं घराणं मूळचं आमच्यातलंच, पण तिचे पणजोबा १९५६ च्या कितीतरी आधी ख्रिस्ती झाले. माझे आजी-आजोबा नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. आम्ही दोघी हसून म्हणतो, एकाच चाळीतून निघालेल्या दोन गाड्या. जयंतीनंतर चौथ्या दिवशी, १८ एप्रिलला, गुड फ्रायडे होता. ड्यूटी संपवून ती मला म्हणाली, चल माझ्यासोबत, तीन तास डोकं शांत ठेव. मी गेले. दोन दिवस ठाण्यात बसून माझं डोकं खरंच शांत नव्हतं.

पाळकांनी प्रवचनात एक दाखला दिला. न्यायाधीशासमोर आरोपी उभा आहे. गुन्हा सिद्ध झाला. न्यायाधीश न्यायी आहे, शिक्षा सोडू शकत नाही. तो प्रेमळही आहे. म्हणून तो शिक्षा सुनावतो, मग खुर्चीवरून उतरतो, आणि त्याचा स्वतःचा मुलगा ती शिक्षा भोगतो. आरोपी मोकळा. प्रभूनं वधस्तंभावर आपल्यासाठी हेच केलं, असं पाळक म्हणाले. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. त्या रडण्याची मी थट्टा करणार नाही, ते खरं होतं.

पण मी नुकतीच ठाण्यातून आले होते. माझ्या डोक्यात एकच आलं: या कोर्टात फिर्यादी कुठे आहे? न्यायाधीश आहे, आरोपी आहे, न्यायाधीशाचा मुलगा आहे. तिघांत सगळं मिटलं. ज्याचा हात मोडला, त्याला या कोर्टाचा समन्सच गेला नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी हे बोलून दाखवलं आणि आमचं भांडण सुरू झालं.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, धर्मशास्त्राची नाही. पण भांडायचं तर वाचावं लागतं, म्हणून वाचलं. पहिली गोष्ट कळली ती ही, की वधस्तंभानं पाप कसं फिटतं यावर ख्रिस्ती जगाचं कधीच एकमत नव्हतं. सुरुवातीच्या शतकांत बरेच जण म्हणत, माणूस सैतानाच्या ताब्यात होता आणि येशूचा जीव ही त्याला सोडवण्याची खंडणी. मराठी बायबलात शब्दही 'खंडणी' हाच आहे. आज खंडणी म्हटलं की आपल्याला गावगुंड आठवतो, तो भाग सोडा. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म यानं सैतानाला बाजूला काढलं. त्याचं म्हणणं असं, की पाप म्हणजे देवाच्या मानाला धक्का. ज्याचा अपमान झाला तो जेवढा मोठा, तेवढा गुन्हा मोठा. देव अनंत, म्हणून अपराध अनंत. तो फेडण्याची माणसाची ऐपत नाही, म्हणून देवालाच माणूस होऊन यावं लागलं.

हे वाचताना मी थबकले. अपमान झालेल्याच्या दर्जावरून गुन्ह्याचं वजन ठरवणारं पुस्तक आपल्या ओळखीचं आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्तांचा आहे. त्यात ब्राह्मणाच्या हत्येला काय प्रायश्चित्त आणि शूद्राच्या हत्येला काय, हे वाचा. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारला तर शूद्रहत्येचं प्रायश्चित्त घ्यावं, असं तिथं लिहिलं आहे. अ‍ॅन्सेल्मनं मनू वाचलेला नव्हता. पण सरंजामी समाजात बसून न्यायाचा विचार केला की तो असाच येतो, खालून वर चढत जातो आणि वरच्याच्या मानापाशी थांबतो. आणि 'प्रायश्चित्त' हा शब्द मराठी ख्रिस्ती लोकांनी वापरला तो याच पोथ्यांच्या भाषेतून आलेला. (बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस २५ डिसेंबर १९२७, म्हणजे नाताळ. हा योगायोग मैत्रिणीला फार आवडतो.)

पुढे प्रोटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्विननं, मानाच्या जागी शिक्षा आणली. पाळकांचा कोर्टाचा दाखला तिथून येतो. त्यावर त्याच शतकात सोसिनस नावाच्या इटालियन माणसानं साधा व्यवहारी प्रश्न विचारला: कर्ज एक तर माफ होतं, नाही तर फेडलं जातं. दुसऱ्यानं ते पूर्ण फेडलं असेल, तर देवानं माफ काय केलं? दोनशे वर्षांनी कांटनं आणखी खोल बोट ठेवलं. पैशाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर टाकता येतं, नैतिक अपराध टाकता येत नाही.

आमच्या विदर्भात हे समजायला कांट लागत नाही. सावकाराचं देणं भावानं फेडलं तर सावकाराला फरक पडत नाही, त्याला पैसे मिळाले. पण नवऱ्यानं बायकोला मारलं आणि त्याच्या जागी दीर दोन दिवस कोठडीत बसून आला, तर त्या बाईला काय मिळालं? माझ्या कामात अशा बाया रोज भेटतात. देणं आणि दुखावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तानं पाप फेडण्याची सगळी मांडणी दुसरीला पहिलीच्या वहीत बसवते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला होता. इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांचा लेख आहे. तो जरूर वाचा, विशेषतः समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी. त्यांचा मुद्दा असा: माणूस आदिपापामुळे पडला, ही शिकवण समाजशास्त्राच्या थेट विरुद्ध जाते. अस्पृश्य पडला तो त्याच्या पापामुळे नाही, त्याला घेरून असलेल्या सामाजिक आणि धार्मिक व्यवस्थेमुळे. तिच्यावर हल्ला करायचं सोडून त्याला सांगितलं गेलं, तू पापी आहेस, क्षमा माग. लढणाऱ्याचं तोंड उलट्या दिशेला वळवलं गेलं. एम.ए.ला असताना मी हा लेख परीक्षेपुरता वाचला होता. त्या शुक्रवारनंतर पुन्हा वाचला तेव्हा समोर प्लॅस्टरमधला हात दिसत होता. पोरगं बेडवर पडून मला विचारत होतं, "ताई, माही काही चूक झाली का?" चूक शोधायची ती त्याच्यात, हे त्याला कुठल्याही चर्चनं शिकवलेलं नव्हतं. गावानं शिकवलं होतं.

आता आपल्या घरात या. एकाच्या बदल्यात दुसऱ्यानं भोगायचं, हे खूळ काही जेरुसलेमहून आलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावाची इडापीडा, रोगराई तिच्या अंगावर घालून तिला शिवेबाहेर नेतात आणि जाळतात. बायबलात लेवीयच्या सोळाव्या अध्यायात दोन बोकड आहेत. एक कापायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात हाकलायचं. तो अध्याय मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे तर वर्ध्याचंच वर्णन आहे.

मारबत निदान कागदाची आणि चिंध्यांची. माझी आजी हल्याची गोष्ट सांगायची. पटकी आली की मरीआईला हल्या द्यायचा. तो ओवाळायचे सगळे, कापायचं काम मात्र महाराचं. रात्री रक्तात भिजवलेला भात टोपलीत घेऊन शिवेभोवती फिरायचं तेही महारानंच. तिच्या वडिलांनी ती टोपली नेली होती. आजी म्हणायची, "मान हल्याची अन् रोगराई आमच्या बापाच्या डोक्यावर. गाव घरात झोपलेलं." दीक्षा घेतल्यावर घरातून जी कामं कायमची गेली त्यांत हे पहिलं, असं ती अभिमानानं सांगायची.

आणि त्याच्याही मागे जा. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. ती जेमतेम १४ वर्षांची होती. मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत असत, हे तिनं त्यात लिहून ठेवलं आहे. भिंत टिकावी म्हणून माणूस. कुणाचा वाडा, कुणाचा बुरूज, आणि पायात कोण? बळीचा विचार करताना मी आधी हा प्रश्न विचारते. बळी कोणासाठी दिला हे सगळे सांगतात, बळी म्हणून कोणाला निवडलं हे मुक्तानं सांगितलं. आणि प्रामाणिकपणे हेही नोंदवलं पाहिजे, की तिचा निबंध छापणारं पत्र अमेरिकन मिशनऱ्यांचं होतं. तिची किंकाळी छापायला त्यांच्याकडे जागा होती. हा मुद्दा मैत्रिणीचा, पहिली दुरुस्ती तिची.

वर्ध्यात राहून या विषयावर लिहायचं आणि सेवाग्राम टाळायचं, हे जमणार नाही. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर तिथं राहिला. गांधींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर येशूचं एक चित्र त्याला दिसलं. गंमत अशी, की याच गांधींनी रक्तानं पाप धुण्याचा सिद्धांत तरुणपणीच नाकारला होता. आत्मकथेत ते सांगतात: प्रिटोरियात एक कट्टर ख्रिस्ती गृहस्थ त्यांना म्हणाले, पापाचं ओझं तुम्हाला पेलणार नाही, ते येशूवर टाका आणि मोकळे व्हा. गांधी म्हणाले, मला पापाच्या परिणामातून सुटका नको, पापातूनच सुटका हवी. त्या गृहस्थांनी मग मुद्दाम काही गैर वागून दाखवलं, आणि आपल्याला त्याची टोचणी नाही हेही दाखवलं! मी गांधीवादी नाही, हे सांगायला नको. पण हे उत्तर चोख आहे.

मग पुढे काय झालं? अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप, त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं, असं गांधी म्हणू लागले. ठीक. पण त्या प्रायश्चित्ताचा हिशेब कोणाशी? सप्टेंबर १९३२ चं येरवड्याचं उपोषण आठवा. प्राण पणाला लावले गांधींनी आणि किंमत मोजावी लागली आपल्याला, स्वतंत्र मतदारसंघ सोडून. मे १९३३ मध्ये २१ दिवसांचं आत्मशुद्धीचं उपोषण. त्याच वर्षी नोव्हेंबरात हरिजन दौरा निघाला तो आमच्या वर्ध्यातूनच. दौरा चालू असताना, १५ जानेवारी १९३४ ला, बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधींनी जाहीर केलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची दैवी शिक्षा आहे. टागोरांनी याला उघड विरोध केला, गांधींनी तो 'हरिजन'मध्ये छापलाही. पण विचार करा, त्या भूकंपात ज्या दलितांच्या झोपड्या पडल्या त्यांनी कोणतं पाप केलं होतं? सवर्णांच्या पापासाठी अस्पृश्य दगडाखाली गेला आणि तोच पुन्हा दृष्टांत झाला. प्रिटोरियात जे नाकारलं, ते मागच्या दारानं घरात आलं. पापी आणि देव यांच्यात बोलणी चालू, फिर्यादी बाहेर उभा.

आता त्या गावाकडे परत येते. मे महिन्यात समझोत्यासाठी मंडळी आली. सरपंचाचा माणूस, एक निवृत्त मास्तर, आरोपींपैकी एकाचा काका. ॲट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवायची कायद्यात तरतूद नाही. पण गावात त्याला दुसरा रस्ता असतो, साक्षीदार फितूर करायचे. तो रस्ता मोकळा करायलाच ते आले होते. काका म्हणाला, पोरं चुकली. चुकीचं त्यांना वाईट वाटलं. घरी सत्यनारायण घातला, पंढरपूरला जाऊन आले, चंद्रभागेत अंघोळ केली. आता मन साफ आहे. तुमच्याही बुद्धानं क्षमाच शिकवली ना?

पोराची आई तोवर भिंतीला टेकून गप्प बसली होती. ती म्हणाली, "त्यानं देवाची माफी मांगतली, चांगलं केलं. पण त्यानं मारलं त कोणाले होतं?"

कोणी काही बोललं नाही. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मी इतके दिवस सोसिनस नि कांट वाचत होते. ही बाई सातवीपर्यंत शिकलेली, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते.

मी हे मैत्रिणीला सांगितलं ते जिंकल्याच्या थाटात. तिनं मला जमिनीवर आणलं. म्हणाली, हा प्रश्न त्या माउलीच्या आधी एकानं विचारला आहे, तू मत्तय पाच वाचलंस का? डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे देव थांबेल, फिर्यादी थांबणार नाही. मग तिनं जक्कयाची गोष्ट सांगितली. लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो उभा राहून म्हणतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. येशू म्हणतो, आज या घराचं तारण झालं. "वधस्तंभ अजून पुढे आहे," मैत्रीण म्हणाली, "रक्ताचा थेंब सांडलेला नाही. चौपट परतफेडीवर तारण झालं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसल्याचा आनंद झाला. मला आठवले रेव्हरंड ना. वा. टिळक. रेल्वेत एका परक्या माणसानं त्यांना नवा करार दिला आणि ते अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनात. मोठ्या मराठी कवीला त्या धर्मात ओढणारं ते प्रवचन होतं. मग चर्चमध्ये तीन तास कोर्टाचा दाखला का? मैत्रीण म्हणाली, कारण तो सोपा आहे. भावाकडे जाण्यापेक्षा वेदीकडे जाणं सोपं असतं. तुमच्याकडे नाही का असं?

तिनंच मला डेलोरेस विल्यम्स वाचायला दिली. अमेरिकेतली काळी स्त्री धर्मचिंतक, १९९३ चं पुस्तक. तिचं म्हणणं असं: गुलामगिरीत काळ्या बाईला कायम दुसऱ्याच्या जागी उभं केलं गेलं, मालकिणीच्या मुलांची आई म्हणून, मालकाच्या बिछान्यात, शेतात पुरुषाच्या जागी. दुसऱ्याच्या बदल्यात भोगणं हेच जर देवाचं तारण, तर तिच्या छळालाच पवित्र केल्यासारखं होतं. म्हणून येशूनं तारलं ते जगण्यातून आणि शिकवणीतून, मरणातून नव्हे, असं ती म्हणते. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मचिंतन उभं केलं, त्यांचा येशू स्वतः दलित आहे. आणि जोतिरावांनी तर येशूला बळीराजाच्याच पंक्तीत बसवलं होतं. हे मला सगळ्यात पटतं. बळीराजाला पाताळात ढकललं ते वामनानं. कुणाच्या पापाची फेड म्हणून नाही, राज्य घ्यायचं होतं म्हणून. येशूला खिळे ठोकले ते रोमन सत्तेनं. खुनाला खून म्हटलं की खुनी दिसतात. बलिदान म्हटलं की ते हळूच पडद्याआड जातात.

आता तिनं मला गप्प केलं तो भाग. मी मोठ्या तोऱ्यात अंगुलिमाल सांगितला. बघ, आमच्याकडे कोणी कोणाच्या बदल्यात भोगत नाही. अंगुलिमाल भिक्खू झाला, भिक्षेला निघाला, लोकांनी दगड मारले, डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. बुद्ध म्हणाले, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. मार्गदाता, मोक्षदाता नाही. मैत्रिणीनं शांतपणे विचारलं, "त्यानं मारलेल्यांच्या घरी तो गेला का? राजा पकडायला आला होता ना, भिक्खू झालेला पाहून परत गेला. तुझी ती माउली तिथं असती तर काय म्हणाली असती?"

मी मज्झिम निकायातलं ते सुत्त पुन्हा काढून वाचलं. मेलेल्यांच्या घरच्यांशी त्याचं बोलणं त्यात नाही. दगड मारणारे आहेत, पण त्यांना तोंड नाही. एवढं मात्र म्हणेन, की दगड त्याच्याच डोक्यावर पडले, दुसऱ्याच्या नाही, आणि बुद्धांनी ते पुसून टाकले नाहीत. त्यापलीकडे माझ्याकडे बचाव नाही.

आणि आणखी एक, जे लिहिल्यावर मला फोन येतील हे माहीत आहे. आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवर आपण काय ऐकतो? बाबासाहेबांनी आपल्यासाठी चार लेकरं बळी दिली. रमाईनं आपल्यासाठी पोटची मुलं अर्पण केली. बाया रडतात, मीही रडले आहे. पण गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न हे बळी गेले नाहीत. ते आजारानं, हलाखीत गेले. जातिव्यवस्थेनं ज्या घराला पैसा आणि स्वास्थ्य मिळू दिलं नाही, त्या घरातली ती मुलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. राजरत्न गेल्यावर बाबासाहेब आतून मोडले होते. त्यांनी कोणाच्या उद्धाराचा सौदा केला नव्हता. त्या मृत्यूंना बलिदान म्हणताना आपणही मारेकऱ्याला पडद्याआड पाठवतो. वर त्यांनी केलं म्हणून आपण सुटलो असं म्हणत पाच हजारांचा डीजे सांगतो, आणि गावात ज्याचा हात मोडला त्याच्या तारखेला कोर्टात तिघंजण येतात. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच गावातले दीडशे होते, मी मोजले नव्हते, पण फोटोत दिसतात. आम्ही मोक्षदाता नाकारला आणि मग हळूहळू, प्रेमापोटीच, बाबासाहेबांना त्या खुर्चीवर बसवत चाललो आहोत. ते खुर्चीवर बसले की आपल्याला उभं राहायला लागत नाही.

हल्ली तारखेला मैत्रीण येते. सुट्टी असली तर येते, डबा आणते. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आम्ही तिघी बसतो. तिथं धर्मचर्चा होत नाही. सरकारी वकील आले का, याची वाट पाहतो.

फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. पाचांपैकी जो सगळ्यात लहान, तो एका संध्याकाळी एकटाच त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. आई कापसाची पोती झाकत होती. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, चुकलं माह्यं." ती म्हणाली, "मले ठाऊक आहे. आता जजसमोर सांग, कोन कोन होते ते." तो मान खाली घालून गेला. तिनं मला हे सांगितलं तेव्हा राग नव्हता तिच्या बोलण्यात, आणि माफीही नव्हती. पोराचा हात आता सरळ होतो, पण ओझं उचलता येत नाही, म्हणून तो पुलगावला मोबाईलच्या दुकानात बसतो.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. तो मुलगा येतो का, बघू.